अकरा दिवसांचं बाळ: घरी काय बघायचं आणि दवाखान्यात कधी पळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं बाळंतपण, आई माहेरी, बाळ पूर्ण दिवसांचं, आज अकरावा दिवस. जन्माचं वजन 2.8 किलो, चौथ्या दिवशी 2.6, काल 2.78. अंगावर अजून पिवळेपणा आहे, एका डोळ्याला सारखी चिपडं येतात, छाती दोन्ही बाजूंनी सुजल्यासारखी दिसते, नाळ परवा पडली आणि बेंबी ओलसर आहे, संध्याकाळी तासभर रडतं. आजी म्हणतात घुटी आणि धुरी सुरू करा, शेजारच्या काकू म्हणतात उन्हात ठेवा, आणि उद्या बारसं आहे. यातलं काळजीचं काय?

मी बाळ पाहिलेलं नाही, त्यामुळे हे वाचून तपासणी टाळू नका. पण तुम्ही लिहिलेल्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे वजन. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. तुमच्या बाळाचं सात टक्के उतरलं आणि आता जवळजवळ भरून निघालं. म्हणजे दूध पोटात जातंय. अकराव्या दिवशी वजन 2.6 वरच अडकलं असतं, तर मी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आधी तुम्हाला समोर बसवून पाजायला लावलं असतं.

नवजात बाळाची एक खोड लक्षात ठेवा. मोठं माणूस आजारी पडलं की खोकतं, तापतं, तक्रार करतं. एवढंसं बाळ आजारी पडलं की बहुतेकदा फक्त गप्प होतं. काल ओढून पिणारं आज दोन घोट घेऊन झोपतं, पाय गार पडतात, रडण्यातला जोर जातो. घरच्यांना वाटतं, आज शहाणं झालंय, त्रास देत नाही. माझ्याकडे रात्री-अपरात्री येणारी बाळं बहुतेक रडणारी असतात आणि बहुतेक ठणठणीत असतात. खरं आजारी बाळ मात्र "कालपासून जरा सुस्तच आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी येतं. म्हणून तुमची यादी वाचताना मी आधी शोधलं ते हे, की बाळ पितंय का, लघवी करतंय का, अंग उबदार आहे का.

आता कावीळ. पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून जास्त बाळांना ती थोडीफार दिसतेच. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात, जन्मानंतर त्या मोडतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि ते बाहेर टाकणारं यकृत अजून कामाला पुरतं लागलेलं नसतं. ही कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पहिल्या 24 तासांतच दिसली तर ती नेहमीची कावीळ समजायची नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह, किंवा आई ओ आणि बाळ ए किंवा बी गटाचं, अशा जोड्यांत हे जास्त घडतं. तुमचा रक्तगट प्रश्नात नाही. निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन बाळंतपणानंतर 72 तासांत मिळालं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहा.

बिलिरुबिनचा आकडा एकटा काही सांगत नाही, बाळाचं वय तासांत मोजून तक्त्यावर बघावं लागतं. 12 हा आकडा पहिल्या दिवशी आला तर बाळ लगेच काविळीच्या उपचाराच्या निळ्या दिव्याखाली जातं, आणि तोच 12 पाचव्या दिवशी आला तर पूर्ण दिवसांच्या, नीट पिणाऱ्या बाळाला आम्ही घरी पाठवतो. त्यामुळे "जाऊबाईंच्या बाळाला तेरावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आमच्याला का नाही" हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं, आणि उत्तर दर वेळी हेच असतं. घरी बघायचं ते असं: दिवसाउजेडी कपाळ, छाती, पोट आणि तळपायावर बोटाने हलकं दाबून सोडा आणि खाली उमटणारा रंग पाहा. पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा पिवळं बाळ सुस्त झालं, की वाट बघायची नाही. बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत उतरतं, आणि ते नुकसान पुन्हा भरून येत नाही.

काकूंच्या उन्हाबद्दल. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात न्यायच्या. एका बाळाचं अंग फिकट झालेलं, पण चादरीच्या टोकाखाली झाकलेला त्रिकोणी भाग तेवढा पिवळाच राहिलेला, हे तिथल्या डॉक्टरांच्या नजरेस आलं. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलंही बिलिरुबिन उतरलेलं दिसलं. त्यावरून डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिवे वापरून पाहिले आणि 1958 साली ते प्रसिद्ध केलं. आजची फोटोथेरपी तिथून आली. निळ्या प्रकाशाने त्वचेतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते पित्तावाटे, लघवीवाटे निघून जातं. पण उन्हातला हा प्रकाश मोजून देता येत नाही, आणि उघडं बाळ हिवाळ्यात गारठतं, उन्हाळ्यात भाजतं. सकाळी खिडकीशी बाळाला घेऊन बसा, तुम्हालाही बरं वाटेल. फक्त त्याला उपचार समजून रक्ततपासणी पुढे ढकलू नका. दिव्याखाली ठेवलेल्या बाळालाही दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं. शी जितकी होईल तितकं बिलिरुबिन बाहेर जातं.

आईने हळद बंद करायची, पिवळं काही खायचं नाही, पिवळे कपडे घालायचे नाहीत, गळ्यात काविळीची माळ घालायची, यातल्या एकाचाही बाळाच्या काविळीशी संबंध नाही. एका गोष्टीचा मात्र आहे आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. बाळाला पहिले दिवस जुने, मऊ कपडे घालायची आपल्याकडे रीत आहे. ते कपडे ट्रंकेतून निघतात आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतात. जी-सिक्स-पीडी नावाचं वितंचक (एन्झाइम) ज्या बाळांत कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वासानेही फुटू शकतात आणि कावीळ झपाट्याने चढते. असे कपडे आणि दुपटी बाळाच्या जवळ आणूच नका. नुसतं उन्हात टाकून भागत नाही.

तुमच्या बाळाचा पिवळेपणा अकराव्या दिवशी चेहरा-छातीपुरता असेल, वजन वाढत असेल, तर बहुधा ती अंगावरच्या दुधाची कावीळ आहे. ती काही आठवडे रेंगाळते आणि तिच्यासाठी पाजणं थांबवायचं नसतं. तरी चौदा दिवसांनंतर पिवळेपणा उरला तर एकदा रक्त तपासायचंच, त्यात डायरेक्ट बिलिरुबिन आणि थायरॉइडची टीएसएच या दोन गोष्टी हव्यात. आणि रोज शीचा रंग बघा. पिवळी, हिरवी, मोहरीसारखे दाणे असलेली शी चांगली. शाडूच्या मातीसारखी पांढरट शी आणि लंगोटाला डाग पाडणारी गडद पिवळी लघवी हे यकृताकडून येणारा पित्ताचा मार्ग बंद असल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती साठ दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. अशी बाळं आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात येतात, कारण बाळ गुटगुटीत असतं, हसत असतं आणि कावीळ "जाईल हळूहळू" असं सगळेच म्हणत असतात. शंका आली तर शीचा फोटो दाखवा, त्यात लाजायचं काही नाही.

डोळ्याचं. डोळा पांढराच असेल, लाल नसेल, पापणी सुजलेली नसेल, तर ही अश्रूंची नळी पुरती उघडलेली नसण्याची गोष्ट आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. मग नख कापलेल्या, धुतलेल्या करंगळीने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी, नाकाच्या मुळाजवळ दाबून खाली नाकपुडीकडे आणा. पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. बहुतेक नळ्या वर्षाच्या आत आपोआप उघडतात. काजळ घालू नका, त्यात शिसं असू शकतं. डोळ्यात दूधही पिळू नका. पापणी सुजून घट्ट पू यायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण पहिल्या आठवड्यांतले काही जंतुसंसर्ग बुबुळापर्यंत पोचतात.

छातीची सूज मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही येते. आईची संप्रेरकं बाळाच्या रक्तात उतरलेली असतात, त्याचा हा परिणाम. थेंबभर दूधही येतं. मुलींना याच कारणाने पहिल्या आठवड्यात अंगावरून थोडं रक्त जातं. दोन्ही आपोआप थांबतं. न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या मावशींना मात्र आजच स्पष्ट सांगा की छाती पिळायची नाही. पिळून गळू झालेली आणि चिरा द्यावा लागलेली बाळं आम्ही अजूनही बघतो. गाठ लाल, गरम, एकाच बाजूची असेल तर दाखवा.

बेंबी दोन-तीन दिवस ओलसर राहिली तर चालते. कोरडी ठेवा, लंगोट बेंबीखाली दुमडा. हळद, तेल, पावडर, राख काही नको. अशा लेपांतून आणि न उकळलेल्या पात्यातून पूर्वी धनुर्वात व्हायचा. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांमुळे 2015 साली भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, ते मुद्दाम परत आणायला नको. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन लाली पसरू लागली किंवा वास येऊ लागला तर ते इंजेक्शनचं काम आहे. आत लाल, ओला मणी दिसत राहिला तर तो डॉक्टर पाच मिनिटांत जाळून देतात. बेंबी पुढे आली तर त्यावर नाणं बांधू नका, ती बहुतेक वेळा आपली आपण आत जाते.

संध्याकाळच्या रडण्याला अकराव्या दिवशी "पोटात वात धरला" म्हणण्याआधी भूक धरा. या वयाची बाळं संध्याकाळी तासातासाला, कधी अर्ध्या तासाला मागतात. याचा अर्थ दूध कमी असा नाही. 24 तासांत आठ ते बारा वेळा पाजणं आणि सहा किंवा जास्त वेळा भरपूर, पांढरी लघवी एवढं होत असेल तर दूध पुरतंय. खरं पोटदुखीसारखं रडणं दोन-तीन आठवड्यांनंतर सुरू होतं, सहाव्या आठवड्याला सर्वात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत थांबतं. त्यावर खांद्यावर घेऊन फिरण्याइतका चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. ग्राइप वॉटर तर नकोच.

घुटीवरून घरात वाद होतात हे मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सहाणेवर हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून दोन थेंब चाटवणाऱ्या आजीच्या मनात बाळाचं भलंच असतं. पण जायफळाने गुंगी येते, आणि घुटीने "बाळ शांत झोपलं" म्हणतात त्यात ही गुंगी किती, हे कुणी मोजलेलं नसतं. सुस्ती हेच या वयातल्या आजाराचं पहिलं लक्षण आहे, ते मुद्दाम का झाकायचं? शिवाय काल उगाळून ठेवलेली सहाण, तिच्यावरचं पाणी आणि बोट, तिन्ही बाळाच्या तोंडात जातात. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून त्याला लुळं करतात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, अगदी नागपूरच्या मे महिन्यातही वरचं पाणी नको. आजींना काहीतरी हवंच असेल तर व्हिटॅमिन डीचे थेंब त्यांच्या हातून द्या, रोज 400 युनिट. मी घरोघरी हीच तडजोड करून देते.

मालिश करू द्या, हलक्या हाताने. नाकात, कानात तेल नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. धुरी आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी दोन्ही बंद. धूर बाळाच्या छातीला वाईट आणि शेगडीचा विषारी वायू तुम्हा दोघांनाही. त्यामागची ऊब देण्याची कल्पना मात्र अगदी बरोबर आहे. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार असेल तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळ गारठतंय, टोपी-मोजे घाला आणि आपल्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. पोटही गार लागलं तर छातीशी धरूनच दवाखान्याकडे निघा. छातीशी धरण्याची ही कांगारू पद्धत 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत म्हणून सुरू झाली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, कमी वजनाच्या बाळांना जन्मापासून लगेच छातीशी ठेवल्याने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. हे बाबांनी किंवा आजीने केलं तरी चालतं.

उन्हाळ्यातला एक ताप वेगळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पहिल्या बाळंतपणात, दूध उतरायला उशीर झाला की बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं, रक्तातलं सोडियम वाढतं आणि बाळ तापतं. लघवी दोन-तीनदाच होते, लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसतो. हा डाग पहिले दोन-तीन दिवस चालतो, त्यानंतर नाही. अशा वेळी वाटीचमच्याने साखरपाणी देऊ नका, दवाखान्यात न्या. सोडियम हळूहळू उतरवावं लागतं, घाईने उतरवलं तर झटके येतात.

आता जंतुसंसर्गाबद्दल, कारण पहिल्या महिन्यात बाळं दगावतात ती मुख्यतः अपुरे दिवस, जन्माच्या वेळी गुदमरणं आणि हा जंतुसंसर्ग यांनी. बाळ झोपलेलं असताना पोट वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. मध्ये पाच-दहा सेकंद श्वास थांबून परत सुरू होणं या वयात नेहमीचं आहे, म्हणूनच पूर्ण मिनिट. 60 किंवा जास्त आले तर परत मोजा, दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर निघा. त्याबरोबर छातीखाली खड्डा पडणं, कण्हणं, ओठ निळे पडणं, दूध सोडणं, काखेतला ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, अंग गार पडणं, झटके, हिरवी उलटी. हिरव्या उलटीला तर तासाचाही उशीर नको, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. झटका की नुसती थरथर हे ओळखायचं तर तो हात हलकेच धरा. थरथर थांबते, झटका थांबत नाही. संसर्गाचा उपचार शिरेतून किंवा स्नायूतून द्यायच्या प्रतिजैविकांचा, मेडिकलमधून आणलेल्या थेंबांचा नाही. पोटफुगीवर पोटाला चटके देण्याची प्रथा मेळघाटासारख्या भागांतून अजून ऐकू येते. त्यात आतला आजार तसाच राहतो आणि जखमेतून नवा संसर्ग शिरतो.

ही लक्षणं ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही, हे महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या स्त्रियांना बाळ तपासायला, श्वास मोजायला आणि संसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तेच काम 2011 पासून देशभर आशाताई करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. तुम्ही माहेरी आहात, तर तिथल्या आशाताईंना कळवलंय का? सासरच्या गावच्या यादीत नाव आणि बाळ माहेरी, अशाने या भेटी हमखास चुकतात.

गरज पडलीच तर जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आजारी बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याचं वाहन जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. 108 ला फोन करा. वाटेत बाळ छातीशी, डोक्याला टोपी, आणि पीत असेल तर पाजत न्या.

बारसं जरूर करा. पाळण्यात घाला, नाव ठेवा, फोटो काढा. बाळाला हातोहात फिरवू नका, कुणाला मुका घेऊ देऊ नका, सर्दी-खोकल्याच्या पाहुण्यांनी आणि शाळकरी पोरांनी लांबून बघावं, आणि जो हातात घेईल त्याने आधी साबणाने हात धुवावेत. तोंडात मध किंवा साखर लावायला पुढे येणारं एक बोट प्रत्येक बारशात असतं, त्यावर कुणाला तरी नजर ठेवायला सांगा. बारशाच्या गडबडीत पाजायच्या दोन वेळा चुकतात, तेवढं तुम्ही स्वतः सांभाळा.

तीन दिवसांनी, म्हणजे चौदाव्या दिवशी, बालरोगतज्ज्ञांकडे वजन आणि कावीळ दाखवा. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या आणि जन्मावेळी व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी दिल्याची नोंद त्यावर आहे का बघून घ्या. ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर त्याच दिवशी विचारा, आणि सहाव्या आठवड्याची लस माहेरी घेणार की सासरी, तेही ठरवून टाका.